वस्ताद कोणाला म्हणायचं? प्रशिक्षकांच्या नेमणुकीतला नीतिप्रश्न

(माळशिरस येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. 'आता खेळातही आरक्षण आणणार का?' असं आत्ता दाराशीच एका गृहस्थांनी आम्हाला विचारलं. आम्ही म्हटलं, बसा, तासाभरानं तुम्हीच सांगा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचा जन्म गेला. मैदानावर आम्ही कधी काही गाजवलं नाही. पण माणूस निवडताना आपण नेमकं काय करतो, हा प्रश्न आमच्या शास्त्राचाच आहे.

सुरुवात आपल्या घरच्या खेळापासून करू. आपल्या तालुक्यात वेळापूरनं खो-खो जपला, वाढवला. इथल्या कितीतरी घरांतल्या मुली मैदानावर मोठ्या झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. आपली छाती फुगली, आणि फुगायलाच हवी होती. महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक होते सुमित भाटिया. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारतीय मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. दोघांनीही आपलं काम चोख केलं, त्यात शंका नाही. आमचा प्रश्न त्यांच्याबद्दल नाही. प्रश्न असा आहे की, मुलींच्या संघाला पुरुष प्रशिक्षक असला तर कोणाला त्याची दखलही घ्यावीशी वाटत नाही. आणि पुरुषांच्या संघाला बाई मुख्य प्रशिक्षक, ही कल्पनासुद्धा आपल्याला हसू आणते. हे हसू कुठून येतं?

याचं उत्तर नेहमी एका शब्दात मिळतं: गुणवत्ता. 'जो उत्तम, त्याला घ्या. बाई-पुरुष, जातपात बघू नका.' वाक्य इतकं सरळ आहे की त्याच्या विरोधात बोलणं म्हणजे पाप वाटतं. म्हणून आधी या वाक्याचीच परीक्षा घेऊ.

खेळाडूची गुणवत्ता आपण बऱ्याच अंशी मोजू शकतो. शंभर मीटर किती सेकंदांत धावला, किती किलो उचलले, किती मिनिटं संरक्षण केलं, किती गडी बाद केले. वहीत आकडा असतो. प्रशिक्षकाची गुणवत्ता मात्र नेमणुकीच्या दिवशी कुठल्या वहीत असते? त्यानं अजून हा संघ शिकवलेला नसतो. म्हणजे निवड समिती जे करते ते मोजमाप नसतं, ते भाकीत असतं. 'हा माणूस चांगलं शिकवील असं आम्हाला वाटतं.' आणि हे 'वाटणं' कशावर उभं असतं? ओळखीवर, बोलण्याचालण्यावर, कोणाबरोबर खेळला यावर, आधीच्या वस्तादाच्या चेहऱ्याशी याचा चेहरा किती जुळतो यावर.

मुजुमदारांचंच बघा. १९९४ मध्ये रणजी पदार्पणात २६० धावा, पुढं प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताची टोपी एकदाही नाही. 'देशाकडून खेळला नाही तो देशाच्या संघाला काय शिकवणार' असा एक न लिहिलेला नियम आपल्या क्रीडाजगतात मुरलेला आहे. तो नियम २०२३ मध्ये त्यांना लावला असता, तर २०२५ चा चषक कदाचित दुसऱ्या कोणाच्या हातात दिसला असता. गुणवत्तेच्या नावानं आपण ज्या चाळण्या लावतो, त्यातल्या कितीतरी चाळण्या शिकवण्याची गुणवत्ता चाळतच नाहीत.

ॲरिस्टॉटलनं विचारलं होतं, उत्तम बासरी कोणाला द्यावी? श्रीमंताला नव्हे, कुलीनाला नव्हे, सुंदराला नव्हे. जो उत्तम वाजवतो त्याला. उत्तर बिनतोड आहे. पण आम्ही वर्गात मुलांना पुढचा प्रश्न विचारायचो: ज्याच्या हातात बासरी कधी दिलीच नाही, तो कसा वाजवतो हे ॲरिस्टॉटलला कसं कळणार?

आता हेच आपल्या इतिहासात पाहू. पळवणकर बाळू हे नाव इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. चांभार समाजातले हे डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता ते सरावाला गोलंदाजी टाकू लागले. कॅप्टन ग्रेगसारखा नामांकित फलंदाज तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर हात बसवत असे. आता आम्हाला सांगा, फलंदाजाचा खेळ रोज घडवणाऱ्या माणसाला काय म्हणतात? आज आपण त्याला प्रशिक्षक म्हणू. तेव्हा त्यांना मैदानावरचा नोकर म्हणत. काम वस्तादाचं, नाव गड्याचं.

पुढं हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळू संघात आले. चेंडूला विटाळ नव्हता. चहाला मात्र होता. त्यांना चहा तंबूबाहेर, वेगळ्या पात्रात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. आणि तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० मध्ये चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूंना संघातूनच वगळलं, नेतृत्व दुसरीकडे गेलं, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन करून खेळायला नकार दिला. गवगवा झाला. मग बाळूंना उपकर्णधार केलं गेलं, आणि कर्णधार एम. डी. पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ नेतृत्व त्यांच्याकडे आलं. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, आणि हिंदू संघ जिंकला. विठ्ठलांनी पुढं 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं आत्मचरित्र लिहिलं. क्रीडासाहित्य वाचणाऱ्या मराठी माणसानं ते मिळवून वाचावं.

या कथेतून 'अन्याय झाला' एवढाच निष्कर्ष काढून आपण घरी जातो. आम्हाला त्यात आणखी बारीक गोष्ट दिसते. बळी मोजता येत होते, म्हणून गोलंदाज बाळूंना नाकारणं अवघड गेलं. नेतृत्व मोजता येत नव्हतं, ते 'वाटण्यावर' होतं, म्हणून कर्णधार बाळूंना नाकारणं सोपं गेलं. मोजमाप संपतं तिथं ओळखपाळख सुरू होते, आणि जुना भेदभाव नेमका तिथं जाऊन बसतो. हे एकदा मान्य केलं, तर नियमांची गरज खेळाडूपेक्षा कर्णधाराच्या, प्रशिक्षकाच्या, निवडकर्त्याच्या जागी जास्त का भासते, हे कळतं. नियम गुणवत्तेच्या आड येतो असं म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की त्या जागी गुणवत्ता मोजली जात होती का.

इथवर आम्ही नियमांची बाजू घेतली. आता नियमांवर टीका करायची आहे, कारण खराब नियम चांगल्या हेतूचं वाटोळं करतो.

असे नियम ढोबळमानानं तीन प्रकारचे दिसतात. पहिला, ठरावीक जागा राखण्याचा. हा आपल्या मातीतला. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या. याच राजानं १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं. कुस्तीत गुणवत्तेचा एवढा भोक्ता असलेला माणूस आरक्षणाचा जनक झाला, हा योगायोग नव्हे. आखाड्यात उतरू दिल्याशिवाय पैलवान कळत नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नसावं. आणि दाराशी भेटलेल्या गृहस्थांना आमचं नम्र सांगणं: महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याविरुद्ध क्रीडाजगतातून आम्ही कधी मोर्चा निघालेला पाहिला नाही. आरक्षण आपल्याला मिळतं तेव्हा तो सन्मान असतो, दुसऱ्याला मिळतं तेव्हा ती गुणवत्तेची हत्या होते. असं दोन मापांनी तोलणं बरं नाही.

पण राखीव जागांचा नियम राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला लावता येईल का? आमचं उत्तर, नाही. शंभर कारकुनांतले पन्नास काढता येतात. एकाचे पन्नास टक्के कसे काढणार? एकाकी पदाला आरक्षण लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९९८ मध्ये म्हटलेलंच आहे. शिवाय क्रीडा संघटनांना राज्यसंस्था मानायचं की नाही हाही वाद आहे. क्रिकेट नियामक मंडळ हे घटनेच्या अर्थानं 'राज्य' नाही, असा निकाल २००५ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं लागला. तेव्हा जिल्ह्याचा शासकीय क्रीडा मार्गदर्शक आरक्षणाच्या चौकटीत येतो, आणि राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक त्या चौकटीबाहेर राहतो.

दुसरा प्रकार, जागा राखायची नाही, पण बघायची सक्ती करायची. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या अंडाकृती चेंडूच्या खेळात, २००३ पासून असा नियम आहे. पिट्सबर्गच्या संघाचे मालक डॅन रूनी यांच्या नावानं तो ओळखला जातो. खेळाडूंत कृष्णवर्णीय बहुसंख्य, मुख्य प्रशिक्षकांत मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सुरुवातीला नियम एवढाच होता की, मुख्य प्रशिक्षक नेमण्याआधी निदान एका अल्पसंख्य समाजातल्या उमेदवाराची मुलाखत घ्या. नेमायचं कोणाला ते तुम्ही ठरवा. २००७ च्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मुख्य प्रशिक्षक कृष्णवर्णीय होते. त्याच साली खुद्द पिट्सबर्गनं माइक टॉमलिन यांना नेमलं. दार उघडलं की माणसं आत येतात, याचा तो पुरावा.

पण याच नियमाची दुसरी बाजू पाहा. २००३ मध्येच डेट्रॉइटच्या संघानं एक माणूस मनात आधीच पक्का केला होता. बोलावलेल्या कृष्णवर्णीय उमेदवारांना ते माहीत होतं. त्यांनी मुलाखतीला जायचंच नाकारलं. व्यवस्थापकाला दोन लाख डॉलरचा दंड झाला. २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस या प्रशिक्षकानं न्यायालयात दावा लावला. त्याचं म्हणणं असं की, न्यूयॉर्कच्या संघाची मुलाखत व्हायच्या तीन दिवस आधीच एका बड्या प्रशिक्षकानं फोनवर अभिनंदनाचा संदेश पाठवला. संदेश होता दुसऱ्या ब्रायनसाठी, नावाच्या सारखेपणामुळे आला याला. संघानं आरोप नाकारला. न्यायालय काय ते बघेल. आपण त्या माणसाच्या जागी बसून पाहू: सदरा इस्त्री करून, टिपणं काढून, आशेनं निघालेला माणूस, आणि त्याचं बोलावणं केवळ कागद पूर्ण करण्यासाठी. कांट म्हणतो, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका. दिखाऊ मुलाखत म्हणजे नेमकं तेच.

हे आम्ही दूर उभं राहून बोलत नाही. बरीच वर्षं झाली. एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाची जागा भरायची होती. निवड समितीत आम्ही होतो. एक स्थानिक गृहस्थ आधीच ठरलेले होते, हे समितीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. उमेदवारांची संख्या भरावी म्हणून एका बाईंना बोलावलं होतं. त्या राज्य पातळीवर खेळलेल्या, पदव्या पुरेशा. त्यांना खेळाविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही. 'संध्याकाळी उशिरापर्यंत मैदानावर थांबायला घरचे परवानगी देतील का?' एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, 'सर, गेली आठ वर्षं मी थांबतेच आहे.' सगळे हसले. आम्हीही हसलो. मग इतिवृत्तात 'तुलनेनं कमी योग्य' असं लिहिलं गेलं, आणि त्याखाली आम्ही सही केली. नीतिशास्त्राची पुस्तकं शिकवणाऱ्या हातानं. ठरलेले गृहस्थ वाईट नव्हते. पण ते अधिक योग्य होते की नाही, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही, कारण आम्ही पाहिलंच नव्हतं. त्या सहीवर आम्ही अजून पाणी सोडू शकलेलो नाही.

तिसरा प्रकार आपल्या देशातला आहे आणि त्यावर फारच कमी बोललं जातं. जून २०२२ मध्ये, परदेशातल्या शिबिरात एका महिला सायकलपटूनं प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केल्यावर, भारतीय क्रीडा प्राधिकरणानं राष्ट्रीय संघटनांना सांगितलं की, पथकात महिला खेळाडू असतील तर सोबत महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे. २०२३ मध्ये जंतरमंतरवर पैलवान मुली बसल्या तेव्हा अशा नियमाची गरज सगळ्या देशाला कळली. आमचा या नियमाला पाठिंबा आहे, शंभर टक्के.

पण त्यामागचं कारण नीट पाहा. बाई प्रशिक्षक हवी ती कशासाठी? मुली सुरक्षित राहाव्यात म्हणून. तिला खेळ कळतो म्हणून नव्हे. नियमानं तिला विमानात जागा दिली, पथकाच्या यादीत नाव दिलं. डावपेच ठरवण्याच्या बैठकीत खुर्ची दिली का, ते नियम सांगत नाही. मग होतं असं की, संघटना कोणातरी बाईंना सोबत नेतात, त्या मुलींच्या खोल्यांवर लक्ष ठेवतात आणि संघ कोण उतरवायचा ते दुसरेच ठरवतात. प्रशिक्षकाची राखणदार झाली. बाळूंच्या वेळी काम वस्तादाचं आणि नाव गड्याचं होतं. इथं नाव वस्तादाचं आणि काम राखणीचं. दोन्हींत ज्ञान कोणी मागितलंच नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला असाव्यात असं सांगितलं, ही मोठी गोष्ट आहे. मात्र ती अट सभागृहातल्या खुर्च्यांची आहे. मैदानावरच्या शिट्टीपर्यंत ती पोचत नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा. तो आम्ही टाळणार नाही. एखादी मुलगी दहा वर्षं घाम गाळते. तिच्या आयुष्यात विश्वचषक एकदाच, फार तर दोनदा येतो. त्या क्षणी तिला उत्तमातला उत्तम प्रशिक्षक मिळण्याचा हक्क आहे. समाजसुधारणेचा प्रयोग तिच्या डोक्यावर का करायचा? हा मुद्दा खरा आहे. म्हणूनच सर्वोच्च पदावर जागा राखण्याच्या बाजूनं आम्ही नाही. पण हाच हक्क उलटा वाचा. तिला उत्तम प्रशिक्षक मिळायला हवा, तर शोध अर्ध्याच माणसांत घेऊन कसं चालेल? लग्न झालं की मैदान सुटलेल्या किती खेळाडू आपल्या याच तालुक्यात आज संसार करताहेत! त्यांच्या डोक्यातला खेळ कोणी विचारला? कुस्तीत तर वाट आणखी अरुंद. तालमीत मारुतीरायाची मूर्ती, म्हणून बाईनं लाल मातीत पाय ठेवायचा नाही, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालली. मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. जिला मातीत उतरायलाच काल-परवापर्यंत बंदी, तिच्याकडे आज वीस वर्षांच्या वस्तादकीचा दाखला मागणं, याला न्याय म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप 'कोट्यातली' या शिक्क्याचा. नियमातून आलेल्या व्यक्तीकडे लोक संशयानं बघतात, हे खरं. पण ओळखीतून आलेल्याला 'वशिल्यातला' म्हणून कोणी आयुष्यभर हिणवतं का? दोन महिन्यांत विसरतात. शिक्का नियमामुळं बसत नाही, तो आपल्या नजरेत आधीच तयार असतो.

मग नियम कसा असावा? आम्हाला तीन अटी सुचतात. एक, नियमानं खालून सुरुवात करावी. शाळा, तालुका, जिल्हा, सहायक प्रशिक्षक, या पायऱ्यांवर जागा अनेक असतात, तिथं वाटा ठेवता येतो आणि चूक झाली तरी सुधारता येते. मुख्य पदासाठी माणसं याच पायऱ्यांवरून वर येतात. दोन, वरच्या पदासाठी मुलाखत सक्तीची असेल तर कारणंही सक्तीची असावीत. कोणाला का घेतलं, कोणाला का नाही, हे खेळाच्या भाषेत लिहून उमेदवाराच्या हातात द्यावं. आम्हाला त्या दिवशी 'तुलनेनं कमी योग्य' याचं कारण त्या बाईंच्या समोर लिहून द्यावं लागलं असतं, तर आमचा पेन अडला असता. तीन, ज्याला जागा दिली त्याला काम द्यावं. पथकात महिला प्रशिक्षक असेल, तर संघनिवडीच्या कागदावर तिचीही सही असावी. आणि असा नियम कायमचा नको; दर काही वर्षांनी तो तपासावा आणि गरज सरली की मोडीत काढावा.

आपल्या देशात प्रशिक्षकाचा सर्वोच्च पुरस्कार द्रोणाचार्यांच्या नावानं १९८५ पासून दिला जातो. पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते, याचा मराठी माणसाला अभिमान आहे. तरी द्रोणाचार्य म्हटलं की शेजारी एकलव्य उभा राहतोच. आपल्या राज्यातल्या प्रशिक्षकांच्या पुरस्काराला पूर्वी दादोजी कोंडदेवांचं नाव होतं. वाद झाला, नाव गेलं. त्या वादात आम्ही आज शिरत नाही. एवढंच म्हणतो की, गुरू कोणाला म्हणायचं यावर या राज्यात इतकं रण माजतं, पण गुरू नेमायची पद्धत तपासा असं म्हणत कोणी रस्त्यावर येत नाही.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ बघताहेत. शेवटचं सांगतो. खो-खोमध्ये चौकोनात बसलेल्या खेळाडूला आपल्या मनानं उठता येत नाही. पाठीमागून खो मिळाला तरच ती उठते आणि धावते. ती किती वेगवान आहे, हे प्रेक्षकांना तोवर कळतच नाही. आठ वर्षं मैदानावर थांबलेल्या त्या बाईंना आम्ही खो दिला नाही, आणि वर त्या धावत नाहीत असं लिहून मोकळे झालो. तुमच्यापैकी जे शाळेच्या समितीवर आहेत, मंडळाच्या कार्यकारिणीत आहेत, त्यांनी पुढच्या नेमणुकीच्या कागदावर सही करण्याआधी एवढं आठवावं.